प्रदर्शनाचा मुक्काम: स्टेशनजवळचा लॉज, मैदानाजवळचे हॉटेल की नणंदेचे घर?

लातूर जिल्ह्यातील एका महिला बचत गटाच्या अध्यक्ष असलेल्या ताईंनी विचारले आहे की, छत्रपती संभाजीनगरला जालना रोडच्या बाजूला जानेवारीत भरणाऱ्या प्रदर्शनात त्यांच्या गटाला प्रथमच स्टॉल मिळाला आहे. प्रदर्शन गुरुवार ते रविवार असे चार दिवसांचे आहे. तिघी जणी जाणार आहेत आणि सोबत काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी व ज्वारीचे पापड असा माल आहे. रेल्वे स्टेशनजवळचा लॉज दिवसाला ७०० रुपये सांगतो, मैदानाजवळचे एक साधे हॉटेल १,४०० रुपये सांगते आणि एका सदस्येची नणंद वाळूजला राहते, तिच्याकडे काहीच खर्च येणार नाही. यांपैकी काय निवडावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, गेली १९ वर्षे मी अंबाजोगाई आणि केज तालुक्यांतील गटांना घेऊन प्रदर्शनांना जाते आहे, आणि मुक्कामाची सोय लावणे हे त्यातले माझ्याकडे कायमचे आलेले काम आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि मग कारणे सांगते. मैदानाजवळचे हॉटेल घ्या, आणि ते गुरुवार ते रविवार असे न घेता बुधवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत, म्हणजे पाच रात्रींसाठी घ्या. यातली पाचवी रात्र बहुतेक गट वाचवायला जातात आणि तिथेच सर्वांत जास्त हाल होतात. त्याविषयी शेवटी लिहिते.

मात्र त्याआधी आयोजकांकडून मैदानाचे नेमके नाव लेखी मागवून घ्या. ‘जालना रोडच्या बाजूला’ एवढ्यावर खोली ठरवू नका. चिकलठाणा एमआयडीसीतील कलाग्राम हेही जालना रोडच्याच बाजूला आहे, आणि शेंद्र्याचा ऑरिक हा औद्योगिक परिसरही त्याच रस्त्यावर, पण विमानतळ मागे टाकून बराच पुढे आहे. जानेवारी २०२४ मध्ये ‘मसिआ’ या उद्योजक संघटनेचा ॲडव्हांटेज महाराष्ट्र एक्स्पो शेंद्र्यालाच भरला होता. कलाग्राम असेल तर सिडको बसस्थानक, मुकुंदवाडी आणि चिकलठाणा या पट्ट्यात कोठेही राहिलात तरी चालेल. शेंद्रा असेल तर चिकलठाण्याच्या अलीकडे राहू नका. आणि ऐन वेळी जागा बदलून रेल्वे स्टेशनच्या बाजूचे अयोध्यानगरी मैदान ठरले, तर मी वर दिलेले उत्तर उलटे करा आणि स्टेशनजवळचा लॉजच घ्या. मैदान बदलल्याचे पत्र प्रदर्शनाला आठ-दहा दिवस उरले असताना हाती पडल्याचे मी दोनदा अनुभवले आहे, म्हणून खोलीचा आगाऊ भरणा करण्यापूर्वी आयोजकांना एक फोन जरूर करावा.

आता हिशेब पाहू. मैदान कलाग्रामच्या आसपास आहे असे धरून चालते. दोन्ही ठिकाणी तिसरीसाठी जादा गादी लागेल, तिचे रोज २०० रुपये धरू. ७०० रुपयांच्या लॉजचे ५ टक्के करासह रोजचे ७३५ रुपये होतात. पाच रात्रींचे ३,६७५ आणि गादीचे १,००० मिळून ४,६७५ रुपये झाले. स्टेशनपासून मैदान आठ-दहा किलोमीटर पडते. रिक्षाच्या एका फेरीचे २०० रुपये धरले, तर स्टॉल लावण्याचा एक दिवस आणि प्रदर्शनाचे चार दिवस अशा पाच दिवसांच्या जाण्या-येण्याचे २,००० रुपये होतात. म्हणजे स्वस्त लॉजचा खरा खर्च ६,६७५ रुपये. मैदानाजवळच्या हॉटेलचे करासह रोजचे १,४७०, पाच रात्रींचे ७,३५० आणि गादीचे १,००० मिळून ८,३५० रुपये. फरक १,६७५ रुपयांचा उरतो, तोही तिघींत आणि पाच रात्रींत विभागला तर दर रात्री माणशी साधारण ११२ रुपये. दिवसभर उभे राहून रात्री नऊ वाजता दमलेल्या पायांनी रस्त्यावर रिक्षा शोधत न थांबण्याची ही किंमत आहे, आणि माझ्या मते ती द्यावी. दिवसा शहराची स्मार्ट बस स्वस्तात पडते हे खरे, पण स्टॉल झाकून, रोकड मोजून, बाहेर पडेपर्यंत जी वेळ होते त्या वेळी बसच्या भरवशावर राहता येत नाही. आपल्याकडचे दर वेगळे असतील तर हेच आकडे बदलून पुन्हा मांडा, परंतु खोलीचे भाडे आणि रोजची ये-जा हे एकत्रच मोजावे.

नणंदेच्या घराचा विचार मी हलक्याने बाजूला सारत नाही. आपल्या भागात पाहुण्याने शहरात येऊन लॉजवर उतरणे हे नात्याला लागते, आणि ‘आमचं घर असताना लॉज कशाला’ हा प्रश्न मनापासून विचारलेला असतो. तरीही वाळूज शहराच्या पश्चिमेला आणि चिकलठाणा पूर्वेला आहे. रोज सगळे शहर आडवे ओलांडून जायचे आणि यायचे, त्यात जालना रोडची संध्याकाळची गर्दी. यापेक्षा मोठी अडचण घरातली असते. रात्री दहाला पोचल्यावर यजमानीण ताटे मांडून वाट पाहत असते, तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय झोपता येत नाही, आणि सकाळी सहाला उठून तिच्या स्वयंपाकघरात हातभार न लावता बाहेर पडणे आपल्या बायकांना जमत नाही. दुसऱ्या दिवशी स्टॉलवर त्याचा थकवा दिसतो. एका वर्षी आमच्या गटातल्या दोघी अशाच नात्यात उतरल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ग्राहक समोर असताना एकीला चक्कर आली. तेव्हापासून मी असे सुचवते की, नणंदेला मानाने फोन करून प्रदर्शन पाहायला बोलवा, चटणीचा एक डबा तिच्यासाठी बाजूला काढून ठेवा, आणि सोमवारी परतण्यापूर्वी शक्य असेल तर तिच्याकडे जेवायला जा. नाते राहते आणि कामही होते. तिच्या घराचा पत्ता आणि फोन मात्र तिघींकडेही असावा. परक्या शहरात अडचण आली तर तोच आधार असतो.

खोली कशी पाहावी, याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण साध्या हॉटेलांमध्ये भाड्यावरून काहीच कळत नाही. ओळखीच्या कोणाला तरी आधी पाठवून जागा पाहून घेणे उत्तम. नणंदेच्या घरचे कोणी गेले तर हेच मोठे साहाय्य होईल. तळमजल्यावर परमिट रूम किंवा बार असेल, तर खोली कितीही स्वच्छ असली तरी घेऊ नका. रात्री परतताना त्याच दारातून आणि त्याच जिन्याने जावे लागते. हॉटेलच्या शेजारी मंगल कार्यालय किंवा लॉन आहे का, हेही विचारा, कारण बीड बायपासला आणि जालना रोडलाही अशी लॉन पुष्कळ आहेत. लग्नाच्या दिवशी बँडचा आवाज तर असतोच, शिवाय वऱ्हाडासाठी आसपासच्या सगळ्या खोल्या एकगठ्ठा घेतल्या जातात आणि एकट्या-दुकट्या गिऱ्हाइकाचे आरक्षण मागे पडते. आपल्या चार दिवसांत लग्नाच्या तिथी आहेत का, हे भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच पाहून ठेवा.

खोलीत गेल्यावर आधी दाराची आतली कडी लावून पाहा. कुलूप चांगले आणि कडी निखळलेली अशी दारे मी पुष्कळ पाहिली आहेत. न्हाणीघराची खिडकी पॅसेजमध्ये उघडते का ते पाहा. पलंगाजवळ चालू असलेले प्लग किती आहेत ते मोजा, कारण आता तीन फोन आणि पैसे जमा झाल्याचे सांगणारा यूपीआयचा स्पीकर असे चार नग रोज रात्री चार्ज करावे लागतात. एक वायरबोर्ड घरून घेऊन गेलात तर हा प्रश्नच राहत नाही. रात्री काउंटरवर कोणी जागे असते का आणि मुख्य दार किती वाजता बंद होते, हे विचारायला संकोच करू नका. खोलीचा क्रमांक काउंटरवर मोठ्याने उच्चारला जाऊ नये, एवढे नम्रपणे सांगता येते आणि चांगले व्यवस्थापक ते लगेच समजून घेतात. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक तिघींच्याही लक्षात हवा.

पाण्याबद्दल या शहरात स्वतंत्र चौकशी करावी लागते. छत्रपती संभाजीनगरला पाणी पैठणच्या जायकवाडीहून येते, आणि अनेक वसाहतींत नळाला ते काही दिवसांआड येते. त्यामुळे छोटी हॉटेले बोअर आणि टँकरवर चालतात. जानेवारीत उन्हाळ्यासारखी ओढ नसते, तरीही ‘चोवीस तास पाणी आहे का’ असा प्रश्न विचारला की सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी ‘सकाळी साडेसहाला तिघींच्या अंघोळीला गरम पाणी मिळेल का, ते सोलरचे आहे की गीझरचे’ असे विचारा. सोलरचे असेल तर पहिले उठणारे सगळे वापरून टाकतात, आणि जानेवारीच्या थंडीत उरलेल्यांना गार पाण्यावर भागवावे लागते. बोअरचे पाणी बहुधा जड असते, त्यात साबणाला नीट फेस येत नाही आणि ते पिण्याजोगे असेलच असे नाही. पिण्यासाठी जार कोठून मिळतो ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. स्टॉलवर चव दाखवण्यासाठी काही भिजवायचे किंवा कालवायचे असेल, तर तेही याच पिण्याच्या पाण्यात करा.

डिसेंबर-जानेवारीत आणखी एक गोष्ट घडते, जी बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसते. याच दिवसांत वेरूळ-अजिंठ्याला पर्यटकांची आणि शाळांच्या सहलींची गर्दी असते. स्टेशन परिसरातील स्वस्त लॉज अशा सहलींनी भरून जातात, पहाटे चार-पाचपासून मुलांची लगबग सुरू होते, आणि आदल्या रात्री उशिरा आलेल्या माणसाची झोप पूर्ण होत नाही. मुलांचा त्यात दोष नाही, त्यांचा तो आनंदाचा दिवस असतो. पण आपल्या कामाला ते ठिकाण सोयीचे नाही, आणि मैदानाजवळ राहण्याच्या बाजूने हे एक कारण मी मोजते.

आरक्षणाविषयी मी एका जुन्या प्रसंगामुळे फार काटेकोर झाले आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जणी एका शहरात प्रदर्शनासाठी गेलो होतो. खोल्या फोनवर ठरल्या होत्या, पैसे आल्यावर द्यायचे होते. स्टॉल लावून रात्री दहाला लॉजवर पोचलो तेव्हा दोन्ही खोल्या एका वऱ्हाडाला दिलेल्या होत्या, आणि आमच्याकडे दाखवायला एक कागदही नव्हता. त्या रात्री आम्ही एका सदस्येच्या मावशीच्या दोन खोल्यांच्या घरात, आधीच सहा माणसे असताना, भिंतीला टेकून बसून रात्र काढली. त्या माउलीने मध्यरात्री आमच्यासाठी पिठले-भाकरी केली, हे मी विसरलेले नाही. परंतु पुढचे तीन दिवस आम्ही कसे उभे राहिलो ते आमचे आम्हाला माहीत. म्हणून आता मी एका रात्रीचे भाडे यूपीआयने आगाऊ भरते, ते हॉटेलच्या नावाच्या खात्यात जात आहे याची खात्री करते, आणि व्हॉट्सॲपवर हॉटेलकडून एक संदेश मागवते. त्यात येण्याची व जाण्याची तारीख, माणसे किती, करासह दर किती, जादा गादीचे किती आणि आगाऊ मिळाले किती, एवढे असलेच पाहिजे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन करून ‘आम्ही उद्या दुपारी दोनपर्यंत पोचतो’ असे सांगते. मोबाइल ॲपवरून खोली घेतली तरी हा फोन करावाच, कारण ॲपवर दिसणारी खोली काउंटरवर ‘दुरुस्तीला काढली आहे’ असे ऐकण्याची वेळ साध्या हॉटेलांत येऊ शकते.

त्याच फोनवर खोली सोडण्याचा नियम विचारून घ्या. काही लॉज आल्यापासून चोवीस तास धरतात, काही दुपारी बारा वाजता दिवस बदलतात. रात्रीच्या एसटीने पहाटे पाचला पोचणाऱ्याला बाराच्या नियमात सात तासांसाठी पूर्ण दिवसाचे भाडे पडू शकते. आपण मात्र रात्री प्रवास करू नये असे माझे मत आहे. बुधवारी सकाळच्या गाडीने अंबाजोगाई, बीड, गेवराई या मार्गे निघा, महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहेच, आणि सिडको बसस्थानकापर्यंत गाडी जाते का हे वाहकाला चढतानाच विचारा. ओळखपत्र तिघींचेही लागते. आधारची प्रत द्यायची झाल्यास पहिले आठ अंक झाकलेली मास्क्ड आधारची प्रत घेऊन जा.

बिलाचे थोडक्यात सांगते. १,००० रुपयांच्या आतल्या खोलीला पूर्वी जीएसटी नव्हता, तो १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे. कोणी अजून १२ टक्के सांगत असेल तर ते मान्य करू नका. अगदी छोट्या, नोंदणी नसलेल्या लॉजला जीएसटी आकारताच येत नाही, तेव्हा कर घेतला असेल तर बिलावर त्यांचा जीएसटी क्रमांक असायला हवा. बिल गटाच्या नावाने घ्या. ते गटाच्या हिशेबाच्या वहीला लागते. प्रदर्शन ‘उमेद’ (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्यामार्फत असेल, तर निवासाची सोय किंवा खर्चाची भरपाई आहे का, हे प्रभाग समन्वयकांना किंवा सहयोगिनींना आजच विचारा, कारण सोय असूनही माहिती न पोचल्याने गट स्वतःच्या पैशाने राहिल्याची उदाहरणे माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

मालाबद्दल दोन गोष्टी. सगळा माल हॉटेलवर उतरवू नका. मालाची गाडी थेट मैदानावर न्या आणि दोन दिवसांना पुरेल एवढा माल स्टॉलवर ठेवून उरलेलाच खोलीत ठेवा. काळ्या मसाल्याचा वास बंद खोलीत रात्रभर डोक्यात चढतो आणि गादी-पडद्यांना लागतो, त्यावरून हॉटेलवाल्यांशी वाद होतात, तेव्हा मसाला हवाबंद डब्यांतच हवा. पापडाची खोकी फरशीवर न ठेवता टेबलावर किंवा रिकाम्या पाटीवर ठेवा, उंदीर आणि ओल दोन्हींपासून ती वाचतात. खोलीत शेगडी किंवा इंडक्शन लावू नका, तशी परवानगी नसते आणि बंद खोलीत ते धोक्याचेही आहे. पहिल्या दोन दिवसांसाठी धपाटे आणि दशम्या घरून न्या. चटणी तर सोबत आहेच. तिसऱ्या दिवसापासून हॉटेलजवळची साधी खानावळ शोधून ठेवा. मैदानावरचे खाणे महाग असते आणि तिथे रांगेत जाणारा अर्धा तास स्टॉलवर एक हात कमी करतो. तिघी असण्याचा फायदा असा की, एकीला रोज दुपारी दोन तास खोलीवर जाऊन आडवे होता येते. मैदान जवळ असेल तरच हे शक्य होते, आणि माझ्या अनुभवात चौथ्या दिवसापर्यंत आवाज आणि हसू टिकवणारे गट हेच करतात.

आता पाचव्या रात्रीविषयी. रविवारी सकाळी खोली सोडायची, सामान स्टॉलच्या टेबलाखाली ठेवायचे आणि संध्याकाळी प्रदर्शन संपल्यावर रात्रीची एसटी धरायची, असा बेत बहुतेक नवे गट करतात. प्रत्यक्षात शेवटचा दिवस रविवार असला की गर्दी सर्वांत जास्त असते आणि विक्रीही त्याच संध्याकाळी होते. आयोजक वेळेआधी स्टॉल आवरू देत नाहीत. गर्दी ओसरेपर्यंत माल नेणाऱ्या गाड्या आत सोडत नाहीत. मग सगळ्यांच्या गाड्या एकदम येतात आणि फाटकावर तासभर जातो. भाड्याचे टेबल-पंखे परत मोजून देणे, उरलेला माल बांधणे, अनामत रक्कम परत घेणे यात अकरा-साडेअकरा होतात. त्या वेळी हातात चार दिवसांची उरलेली रोकड, पायाशी खोकी आणि पाठीमागे रिकामे होत चाललेले मैदान, अशा अवस्थेत तीन बायकांनी बसस्थानकावर जाऊ नये. खोली असेल तर सरळ तिथे जाता येते, कडी लावून हिशेब करता येतो, गरम पाण्याने अंघोळ करून झोपता येते. रविवारच्या विक्रीतून आलेली रोकड सोमवारी सकाळी बँकेत भरून, फक्त प्रवासापुरते पैसे जवळ ठेवून निघता येते.

म्हणून आज हॉटेलला फोन कराल तेव्हा ‘गुरुवार ते रविवार’ असे न सांगता ‘बुधवार दुपार ते सोमवार सकाळ, पाच रात्री, तिघी जणी, एक जादा गादी’ असेच सांगा, आणि संदेशात सोमवारची तारीख लिहून आली आहे हे पाहूनच आगाऊ पैसे भरा.